सरळ चालता येतं म्हणजे एसीएल बरं झालं असं नाही

'सरळ चालताना काही होत नाही, मग उपचार कशाला?' असं तुम्ही एसीएलच्या (गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाच्या) दुखापतीबद्दल विचारलंय, म्हणून काळजीने लिहितेय. सरळ चालताना एसीएलची फारशी कसोटी लागतच नाही. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं, आत जास्त फिरू न देणं हे त्याचं काम. त्यामुळे पाऊल जमिनीवर रोवलेलं असताना अंग वळलं की गुडघा सटकतो. ओट्याकडून फ्रिजकडे वळतानासुद्धा. आणि दर वेळी सटकताना आतल्या गादीला, मेनिस्कसला, इजा होऊ शकते. सूज उतरली तरी मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम कृपया सोडू नका. गुडघा पुन्हा सटकला, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना लगेच दाखवा.