मदत हवी आहे: आक्काच्या जीन टेस्टमध्ये ‘व्हीयूएस’ (अर्थ नक्की न कळलेला बदल) आलंय, आता बाकीच्यांनी टेस्ट करायची का?

रंकाळ्याकडची

नमस्कार मंडळी, यातलं कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, घरात नुसता दंगा चाललाय आणि जो तो वेगळंच सांगतोय. माझ्या आक्काला (वय ४२) ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, ती खंबीर आहे, तो प्रश्न नाही. डॉक्टरांनी विचारलं घरात अजून कुणाला होता का, आम्ही सगळे नाही म्हणालो कारण आईच्या माहेरी खरंच कुणाला नाही. तेवढ्यात पप्पा म्हणाले, "आमच्या ताईला पोटात पाणी झालं होतं की." म्हणजे माझी आत्ती. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता पण तेव्हा घरात कुणी ते नावच घ्यायचं नाही, पाणी झालंय पाणी झालंय एवढंच. हे ऐकलं आणि डॉक्टरांनी लगेच टेस्ट लिहून दिली.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन गेले आणि बऱ्याच दिवसांनी रिपोर्ट आला. पहिल्या पानावर पिवळ्या चौकटीत ब्राका २ (हे जीनचं नाव), हेटेरोझायगस (जोडीतल्या एकाच प्रतीत बदल), मिसेन्स आणि खाली ‘अनसर्टन सिग्निफिकन्स’, तेच व्हीयूएस. ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांना विचारलं तर म्हणे डॉक्टरांना दाखवा, डॉक्टर म्हणाले सध्या ट्रीटमेंटमध्ये काही बदल नाही, बाकीचं केमो झाल्यावर बोलू. पण तोवर घरच्यांना दम कुठला! दाजींना वाटतंय पोरीची (माझी भाची, १६ वर्षांची) लगेच टेस्ट करावी. वहिनी म्हणते हॉलिवूडच्या अँजेलिना जोलीनं नाही का स्तन-बिन सगळं काढूनच टाकलं. आई म्हणते बापाकडनं बाईमाणसाचा कॅन्सर येतोय होय, काहीतरीच. आणि लॅबच्या माणसाचे फोन चालूच, ‘फॅमिली पॅकेज’ घ्या म्हणून.

माझं वय ३६, एक मुलगा. हाच बदल माझ्यात आहे का बघावं का? नसला तर मी सुटले का? असला तर काय करायचं? आणि इन्शुरन्सवाल्याला कळलं तर पॉलिसीचं काय?

टोपणझाकण

मी लॅबमध्येच काम करते (जेनेटिक्स नाही, पण असे रिपोर्ट बघण्यात येतात). आधी काकूंचं, म्हणजे तुमच्या आईचं. येतो, बापाकडनंही येतो. ब्राका २ हा १३ नंबरच्या क्रोमोझोमवर (गुणसूत्रावर) असतो आणि ते क्रोमोझोम बाई-पुरुष दोघांतही जोडीनंच असतं, त्यामुळं वडिलांकडं घातक बदल असेल तर प्रत्येक लेकराला तो मिळायची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. पप्पांकडं असूनही त्यांना आयुष्यभर काही होणार नाही असं सहज होऊ शकतं. म्हणून वडिलांकडची हिस्ट्री लोक सांगतच नाहीत, वैताग येतो.

आता व्हीयूएस. ब्राका २ चं प्रोटीन ३४१८ अमिनो आम्लांचं, मिसेन्स म्हणजे त्यातलं एक बदललंय. सातबाऱ्यावर नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर कधी काही अडत नाही आणि कधी अख्खा व्यवहार अडतो, तसं. तुमच्या आक्काच्या बदलाबाबत अडतं का नाही हे ठरवायला पुरावा नाही एवढंच तो रिपोर्ट म्हणतोय. पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. आपल्याकडं असं जास्त येतं कारण जगातला बराचसा जीन डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे, आपल्या लोकांतले बदल कुणी फारसे मोजलेलेच नाहीत. पुढं डेटा वाढला की यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात, थोडे घातक ठरतात.

त्यामुळं तो एक बदल तुमच्यात बघून काही निष्पन्न नाही. असला तरी घाबरायचं कारण नाही, नसला तरी सुटलात असं नाही. पॅकेजवाल्याचा नंबर ब्लॉक करा.

शाहूपुरीकर

वहिनींना सांगा, जोलीच्यात ब्राका १ मधला नक्की घातक ठरलेला बदल होता, २०१३ ला तिनं ते स्वतः जाहीर केलं. व्हीयूएसवर कुणीही शहाणा सर्जन अवयव काढत नाही. भाचीचं तर सोडूनच द्या, मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी १८ च्या आत टेस्ट करत नाहीत, घातक बदल सापडला तरी.

इन्शुरन्सचं म्हणाल तर दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये आनुवंशिक आजाराच्या नावाखाली सरसकट क्लेम नाकारणं चुकीचं ठरवलंय. तरी फॉर्ममध्ये जे विचारलंय ते खरं भरा.

टोपणझाकण

एक राहिलं आणि तेच महत्त्वाचं. व्हीयूएस बाजूला ठेवा पण आत्तीचा अंडाशयाचा आणि आक्काचा ४२ ला ब्रेस्टचा, एकाच बाजूनं, हे रिपोर्टशिवायही वजनदार आहे. म्हणून तुमची स्वतःची तपासणी थांबवू नका. जवळच्या नात्यात कमी वयात झाला असेल तर साधारण त्या वयाच्या १० वर्षं आधीपासून लक्ष ठेवायला सांगतात, म्हणजे तुम्ही त्यात बसताच. नुसती मॅमोग्राफी की एमआरआय पण, ते डॉक्टर ठरवतील, तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. आक्काच्या टेस्टमध्ये मोठे डिलीशन-डुप्लिकेशन (जीनचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला) बघितलेत का आणि पीएएलबी २ सारखे बाकीचे जीन होते का, हेही विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलकडं कॅन्सर जेनेटिक्सचं वेगळं युनिट आहे, तिथं कौन्सेलिंग होतं.

रंकाळ्याकडची

खूप खूप आभार, आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण पप्पांकडं बघत बसली, त्यामुळं आता त्यांनाच समजवावं लागतंय की यात त्यांचा काही दोष नाही म्हणून. आक्काचा केमो संपला की महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन यायचं ठरवलंय. आत्तीचा जुना बायोप्सीचा कागद आतेभावाकडं असावा, तो शोधायला सांगितलाय. तिच्या ऑपरेशनचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) त्या हॉस्पिटलनं इतकी वर्षं ठेवला असेल का आणि त्याचा उपयोग होतो का, कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि सोबत पप्पांना न्यावं का, त्यांचं रक्त लागेल का?

टोपणझाकण

न्या. आत्ती नाहीत, मग त्यांच्या बाजूचं सगळ्यात जवळचं माणूस तेच. काही लॅब व्हीयूएस कुठल्या बाजूनं आलाय हे बघायला घरच्यांची टेस्ट फुकट करतात, वर्गीकरणाला मदत म्हणून. ब्लॉकसाठी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत अर्ज द्यावा लागतो, आतेभावाची सही लागेल. मात्र जुन्या ब्लॉकमधला डीएनए कधी कधी तुटलेला असतो, मिळाला तर नशीब.