मदत हवी आहे : रायझन ५९००एक्स ओव्हरक्लॉक करू की वॅट कमी करू? (रात्रभराचे रेंडर, नागपूरचा उन्हाळा)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात घरूनच इंटिरिअर डिझाइनची कामं करते. थ्रीडीएस मॅक्समध्ये मॉडेल आणि कोरोना या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून खरी वाटणारी प्रतिमा तयार करणं), असा माझा रोजचा क्रम. हे आधीच सांगते, कारण पहिला सल्ला "ग्राफिक कार्ड घ्या" असाच येतो. कोरोना प्रोसेसरवर चालतो. कार्डाचा उपयोग शेवटी दाणे घालवायला, म्हणजे डीनॉइझिंगला होतो, बस. त्यामुळे माझी सगळी भिस्त प्रोसेसरवर.

मशीन असं आहे : रायझन ९ ५९००एक्स (एएमडीचा १२ कोअरचा प्रोसेसर), ६४ जीबी रॅम, एकच टॉवर असलेला एअर कूलर, ६५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय आणि ६०० व्हीएचा यूपीएस, ज्यावर ३६० वॅट लिहिलं आहे. दिवसा मॉडेलिंग करते, झोपायच्या आधी प्रतिमा रांगेला लावते आणि सकाळी ग्राहकाला पाठवते.

आता प्रश्न. माझा मावसभाऊ म्हणतो की सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला पक्के बांधून टाक, म्हणजे ओव्हरक्लॉक कर, वेळ वाचेल. दुसरीकडे बरेच जण लिहितात की नवे प्रोसेसर कारखान्यातूनच ताणून येतात, उलट वॅट कमी करा. दोन्ही बाजू पटतात म्हणून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि एकच दृश्य वेगवेगळ्या सेटिंगवर रेंडर करून पाहिलं. आकडे भिंतीवरचे, म्हणजे मॉनिटर सोडून अख्ख्या मशीनचे आहेत.

जसा आला तसा, म्हणजे पीपीटी (प्रोसेसरला घेऊ दिलेल्या विजेची मर्यादा) १४२ वॅट : ४० मिनिटं, मीटरवर साधारण २१० वॅट.
पीबीओ (मर्यादा वाढवून वेग वाढवण्याची एएमडीची सोय) चालू, पीपीटी २०० : ३८ मिनिटं, २८० वॅट.
पीपीटी ११० : ४३ मिनिटं, १७२ वॅट.
इको मोड (वॅट कमी ठेवणारी तयार सेटिंग), पीपीटी ८८ : ४७ मिनिटं, १५० वॅट.

वेळेला वॅटने गुणलं तर एका प्रतिमेला अनुक्रमे १४०, १७७, १२३ आणि ११८ वॅट-तास पडतात. पीबीओमध्ये दोन मिनिटं वाचली आणि वीज पाव पटीहून जास्त वाढली. एवढा फरक खरंच असतो का, की माझ्या कूलिंगमध्येच काही कमी आहे? पीबीओवर तापमान ८८-९० अंशांवर जाऊन टेकतं आणि या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे. हे मार्चमधलं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आणि या खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. वॅट कमी करताना कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज पायऱ्यांनी कमी करायची सोय) सगळ्या कोअरना उणे २५ दिला. रात्रभर पूर्ण लोडवर काही होत नाही. पण रेंडर संपलं, मशीन नुसतं बसून आहे, आणि पहाटे कधीतरी आपोआप रीस्टार्ट झालेलं दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर, इव्हेंट १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद). रात्रभर बारा कोअर घासून जे पडत नाही ते रिकामं असताना का पडावं? पॉवर सप्लाय बदलायला हवा का?

प्रतिमा वेळेत देणं हे माझ्यासाठी सगळ्यात आधी आहे. पण मशीन अजून काही वर्षं टिकायलाही हवं. कृपया ज्यांनी स्वतः करून पाहिलं आहे त्यांनी लिहा.

– रेघोटी

---

जुना सॉकेट :

रेघोटीताई, आधी पॉवर सप्लाय विकत घेऊ नका. तुमचं दुखणं बहुतेक उणे २५ हेच आहे.

पूर्ण लोडवर वॅटची मर्यादा आड येते, म्हणून बारा कोअर चार-सव्वाचार गिगाहर्ट्झच्या आसपास राहतात. तिथे व्होल्टेज कमी केलं तरी चालून जातं. रेंडर संपल्यावर मात्र विंडोजची बारीकसारीक कामं एकट्या कोअरवर येतात आणि तो कोअर क्षणात ४.८ च्या पुढे उडी मारतो. त्या उडीला लागेल तेवढं व्होल्टेज तुम्ही काढून घेतलेलं असतं. त्यातही जे कोअर कारखान्यात सर्वांत चांगले ठरले आहेत त्यांच्याकडूनच सर्वांत उंच उडी मागितली जाते, त्यामुळे त्यांच्यात शिल्लक सगळ्यात कमी. चांगल्या कोअरला जास्त उणे सोसेल असं वाटतं, पण होतं उलटं.

रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या कोअरवर खूण दिसते. त्या दोन-तीन कोअरना उणे ५ वर आणा. बाकीचे उणे १५-२० वर ठेवून बघा. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते, म्हणजे उणे २५ म्हणजे जवळजवळ दहावा भाग व्होल्ट. कमी नाही. मग कोअरसायकलर नावाचं छोटं साधन आहे, ते एकेका कोअरवर आळीपाळीने ताण देतं. सिनेबेंच या वेग मोजण्याच्या साधनाच्या नेहमीच्या मल्टिकोअर चाचणीत ही चूक सापडत नाही, कारण ती सगळे कोअर एकदम चालवते. कोअरसायकलर रात्रभर चालू द्या. जो कोअर पडेल त्याचा उणे आकडा कमी करा, पुन्हा लावा. कंटाळवाणं काम आहे, पण ग्राहकाच्या कामाचं मशीन असेल तर ते टाळू नये.

मावसभावाचा सल्ला एका काळी बरोबर होता. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर घ्यायचा, त्याच्या बसचा (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर न्यायचा, ३०० चा ४५० होऊन जायचा. दीडपट वेग, तोही फुकट. २०११ च्या आय७-२६००के पर्यंत साध्या एअर कूलरवर ४.५ सहज मिळायचं. तेव्हा कंपन्या बरीच शिल्लक ठेवून विकत. आता ती शिल्लक त्या स्वतःच वापरतात. शिवाय सगळे कोअर ४.६ ला बांधले की एकट्या कोअरची ४.८ वरची उडी गेली, म्हणजे दिवसा थ्रीडीएस मॅक्समध्ये व्ह्यूपोर्ट (मॉडेलचं दृश्य) फिरवताना मशीन आधीपेक्षा मंद. मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. तुमचा अर्धा दिवस त्यातच जातो ना?

---

किलोवॅट :

वरच्या प्रतिसादाशी सहमत. विजेचं थोडं सांगतो.

तुमच्या कूलिंगमध्ये दोष नाही, आकडे असेच येतात. चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाला वारंवारतेने गुणून मिळते. समजा ४.२ वरून ४.६ ला गेलात, म्हणजे वेग साडेनऊ टक्के वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.१५ वरून १.३५ करावं लागलं, तर १.३५ भागिले १.१५, त्याचा वर्ग, गुणिले १.०९५, उत्तर दीडपट. साडेनऊ टक्के वेगाला पन्नास टक्के वीज. कंपनीलाही हे ठाऊक आहे. रायझन ७ ७७००एक्स आणि ७७०० शेजारी ठेवून पाहा : दोन्ही आठ कोअरचे, एकाचा पीपीटी १४२, दुसऱ्याचा ८८, आणि कमाल बूस्ट (वेगाची उडी) ५.४ विरुद्ध ५.३ गिगाहर्ट्झ.

पण "जितके वॅट कमी तितकं चांगलं" हेही खरं नाही. रॅम, मदरबोर्ड, पंखे, ग्राफिक कार्ड यांना रेंडर संपेपर्यंत जागं राहावंच लागतं. प्रोसेसरमधलाही इनपुट-आउटपुटचा तुकडा ठरावीक वीज खातोच. काम लांबलं की ही सगळी वीज जास्त वेळ जळते. तुमच्याच आकड्यांत ११० वरून ८८ ला येताना वीज फक्त ५ वॅट-तास वाचली आणि ४ मिनिटं गेली. आणखी खाली, पीपीटी ६५ वर एकदा मोजा. माझा अंदाज आहे की एका प्रतिमेची वीज पुन्हा वाढू लागेल.

पैशांचं स्पष्टच सांगतो. २८० आणि १७२ यांत १०८ वॅटचा फरक, आठ तासांत पाऊण युनिटच्या थोडं वर. ढोबळ १० रुपये युनिट धरलं तर रात्रीला आठ-नऊ रुपये. उन्हाळ्यात कूलर-फ्रिजमुळे ३०० किंवा ५०० युनिटचा टप्पा ओलांडत असाल तर वरच्या युनिटना थोडं जास्त. यासाठी कोणी झोप मोडू नये. खरा हिशोब रात्रीच्या प्रतिमांचा करा. ४८० मिनिटांत पीबीओवर पूर्ण १२ प्रतिमा होतात. न छेडलेल्या मशीनवरही १२ च. ११० वर ११, ८८ वर १०. म्हणजे पीबीओच्या जादा ७० वॅटनी तुम्हाला एकही जास्त प्रतिमा दिली नाही.

---

सीताबर्डीकर :

ताई, मी यूपीएस-इन्व्हर्टरची कामं करतो, तेवढंच बोलतो. पीबीओवर २८० आणि मॉनिटर ३० धरला तर ३१० झाले. ३६० च्या यूपीएसवर बॅटरी नवी असेल तर ठीक. दोन उन्हाळे खाल्लेली असेल तर लाइट गेल्याबरोबर ती लोड धरेलच असं नाही आणि रात्रीचं सगळं काम जाईल. १७२ वर तोच यूपीएस निवांत चालतो आणि मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देतो. शिवाय वॅट कुठे जात नाहीत, सगळे त्याच खोलीत उष्णता होऊन येतात. खोली ५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर जातो. मार्चमध्ये ९० ला टेकतंय, म्हणजे मेमध्ये ते पीबीओ स्वतःच वेग उतरवणार.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मात्र कॅबिनेट ठेवू नका. पाण्याचे तुषार येतात आणि सर्किटवर क्षार बसतात. खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर ओलसर हवा खोलीतच कोंडून राहते.

---

रेघोटी :

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं.

दोन्ही करून पाहिलं. खूण असलेले दोन कोअर उणे ५ वर आणि बाकीचे उणे १५ वर नेले. कोअरसायकलरमध्ये त्यांतला एक पडला, त्याला शून्यावर आणलं. त्यानंतर पहाटेचा रीस्टार्ट झालेला नाही, इव्हेंट १८ ची नवी नोंदही नाही. पॉवर सप्लायचे पैसे वाचले.

किलोवॅट, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पीपीटी ६५ वर तेच दृश्य ५९ मिनिटांत झालं, मीटरवर १२४ वॅट. म्हणजे १२२ वॅट-तास, ८८ पेक्षा जास्त आणि ११० च्या जवळपास. वेळ गेला तो वेगळाच.

आता पीपीटी ११० ठेवलं आहे आणि घाईचं काम असेल त्या रात्री १४२. मावसभावाला आकडे पाठवले. त्याचं म्हणणं आता असं आहे की ४.६ ला व्होल्टेज १.२५ मध्ये बसलं तर हिशोब बदलेल.

एक शंका राहिली. पीपीटी बदलताना टीडीसी आणि ईडीसीही (विजेच्या प्रवाहाच्या सततच्या आणि क्षणिक मर्यादा) बदलायचे का? सध्या ते ९५ आणि १४० अँपिअरवरच आहेत.

---

जुना सॉकेट :

११० ला तसेच राहू द्या. तुमच्या कामात पीपीटीच आधी आड येतो, बाकीच्या दोघांपर्यंत गोष्ट जात नाही. ८८ च्या इको मोडमध्ये बोर्ड स्वतःच ६० आणि ९० लावतो. ते तिथे ठीक आहे, हाताने तसं करायची गरज नाही.

१.२५ ला ४.६ : काही चिपना जमतं, बहुतेकांना कोरोनासारख्या लोडवर जमत नाही. करून पाहायला हरकत नाही, पण काम हातात नसलेल्या दिवशी. आणि जमत नाही म्हणून व्होल्टेज चढवत जाऊ नका. माझं मत विचाराल तर सगळ्या कोअरवर रात्रभर लोड असताना पक्कं व्होल्टेज १.३ च्या वर मी कधीच ठेवणार नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीत काय झालं ते ताजं आहे. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, २०२४ च्या जुलैत कंपनीने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) सुधारून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या चिप आधीच खराब झाल्या होत्या त्या मायक्रोकोडने दुरुस्त झाल्या नाहीत, बदलूनच घ्याव्या लागल्या. तुमच्याकडे ओव्हरक्लॉक केल्यावर वॉरंटीचाही आधार राहत नाही.

बायोस अपडेट केलात तर ही सगळी सेटिंग पुसली जातात. आत्ताच पडद्याचे फोटो काढून ठेवा, कोणत्या कोअरला किती उणे आहे त्यासकट.