एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाला ‘किती वर्षं’ जगणार ते सांगावं का?

माणदेशी
माझे मामा ट्रकवर होते. २००१ साली रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागे पेन्सिलीने ‘२-३’ लिहिलं आणि कागद मामीच्या हातात दिला. दोन-तीन वर्षं. मामांनी दीड एकर मातीमोल भावात विकलं आणि नववीतल्या मुलीला शाळेतून काढून तिचं लग्न उरकलं. डोळ्यांदेखत व्हावं म्हणून. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं) मोफत सुरू केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं, मामा रात्रीच्या एसटीने तिथे जायचे. आज ते ६८ वर्षांचे आहेत, नातवाला शाळेत सोडायला जातात. ती मुलगी मात्र अजून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: वर्षांचा आकडा कुणालाच सांगू नये.

रातपाळी
वाचून जीव तुटला, पण मत पटलं नाही. मी एआरटी सेंटरला अकरा वर्षं नर्स आहे. अंदाज बांधल्याशिवाय आमचं पानही हलत नाही. एक बाई आल्या होत्या: वजन ३४ किलो, हिमोग्लोबिन ७, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फक्त ४१. बीपीचा पट्टा दंडावरून घसरत होता. इतक्या उशिरा आलेल्या माणसाला पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, गोळ्या सुरू झाल्या तरी. म्हणून लगेच टीबीची तपासणी, क्रिप्टोकॉकस या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या बुरशीसाठी रक्ततपासणी, दर आठवड्याला फोन. त्यांच्यासमोरच नवऱ्याला सांगितलं, “हे तीन महिने जिवावरचे आहेत. डोकं दुखलं तरी थांबू नका.” त्याने रात्री दोनला रिक्षाने आणलं. मेंदूज्वर होता, वेळेत सापडला. मी गप्प बसले असते तर तो सकाळपर्यंत थांबला असता.

माणदेशी
ताई, तुम्ही धोका सांगितलात आणि काय करायचं तेही सांगितलंत. मामांना नुसती मुदत मिळाली होती.

आकडेमोड
मी विम्यात हिशेबाचं काम करतो. २००१ चा तो अंदाज औषधाविना खोटा नव्हता. एड्सच्या टप्प्यावर पोचलेला माणूस तेव्हा एक-दोन वर्षांत जायचा. डॉक्टरांना आजार दिसला, येणारं औषध दिसलं नाही. पण म्हणून आजचा आकडा दडवायचा? उलट तो मोठ्याने सांगायला हवा. युरोप-उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास २०१७ साली आला: विशीत उपचार सुरू झालेल्या आणि वर्षभरात सीडी४ ३५० च्या वर गेलेल्या माणसाचं अपेक्षित आयुष्य इतरांच्या जवळपास पोचतं. आपल्याकडेही २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी गोळ्या सुरू करतात. अमेरिकेतला व्हॅक्स इंडेक्स तर वय, सीडी४ आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) यांच्यासोबत हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, हिपॅटायटिस सी सगळं धरून धोका मोजतो. आपण गप्प राहिलो तर लोकांच्या डोक्यात ‘२-३’च राहणार. २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो, गणिती अभ्यासाचा आधार नसेल तर विमा नाकारता येत नाही. म्हणजे चांगला आकडा रुग्णाच्याच कामी येतो.

माणदेशी
पण तो आकडा हजारोंच्या गटाचा. समोर बसलेला माणूस एकटा असतो. त्याच्या गोळ्या चुकतात, तो दारू पितो, ऊसतोडीला गेला की महिनोन्‌महिने सेंटरला येत नाही. त्याचं काय सांगणार?

आकडेमोड
तेच सांगायचं. गोळ्या चुकल्या तर हा आकडा तुमचा नाही.

उंबरा
तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. मी पॉझिटिव्ह आहे. वय ३३, सहा वर्षं गोळ्या चालू, व्हायरल लोड दिसत नाही. मुलगी चार वर्षांची, निगेटिव्ह. घरासाठी २० वर्षांचं कर्ज घ्यायचंय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “काळजी करू नका.” मला धीर नको होता, उत्तर हवं होतं. माझ्या पश्चात हप्ते कोण भरणार, हे मला आत्ता ठरवायचंय.

माणदेशी
तुम्हाला ‘विचारू नका’ म्हणायचा हक्क मला नाही. माझं मत तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण विचारणारे तुम्ही आहात, तर उत्तर तुम्हालाच मिळावं, बंद दाराआड. मामांचा तो कागद मामीच्या हातात दिला होता. मामा बाहेर बाकावर बसले होते, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.