मदत हवी आहे: बॉल पायथनच्या नाकातून बुडबुडे, श्वासाला आवाज (गुहागर)

नमस्कार. घाईत लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या.

माझा दादा बोटीवर आहे, जानेवारीशिवाय घरी येत नाही. त्याची पाच वर्षांची बॉल पायथन मादी, बिब्बी, तोवर माझ्याकडे आहे. तिला श्वासाचा त्रास सुरू झालाय आणि सापांवर उपचार करणारा डॉक्टर इथे जवळपास मला सापडलेला नाही.

कायद्याचा प्रश्न येईलच म्हणून आधीच सांगते. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. दादाने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद केलीय, कागद घरी आहेत.

गेल्या मंगळवारी रात्री फणसाची फांदी तारांवर पडली आणि वीज गेली ती थेट गुरुवारी संध्याकाळी आली. बिब्बीच्या लाकडी पेटीत एका बाजूला खालून हीट मॅट आणि वर सिरॅमिक बल्ब आहे, दोन्ही थर्मोस्टॅटवर. एरवी उबेची बाजू 32 अंश आणि थंड बाजू 27 असते. त्या दोन दिवसांत दोन्हीकडे 24-25 होतं आणि आर्द्रता 90 च्या वर. ऊब निघून जाऊ नये म्हणून मी पेटीच्या जाळ्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं. ही चूक आता कळते आहे. आतला नारळाचा भुसा कोंदट झाला, एका कोपऱ्यात पांढरी बुरशी धरली.

शुक्रवारी रात्री खोलीत 'टिक् टिक्' असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं पाल चुकचुकतेय. शनिवारी कान लावून ऐकलं तर आवाज पेटीतून येत होता. कात टाकायच्या दिवसांत नाकपुड्यांत जुनी कातडी अडकून शीळ वाजते, असं दादाने सांगितलं होतं, म्हणून दोन दिवस थांबले. पण तिचे डोळे दुधाळ झालेले नाहीत, कात आलेलीच नाही. काल नाकपुडीवर बुडबुडा दिसला, आणि आज सकाळी ती डोकं भिंतीला टेकवून वर करून बसली होती, तोंड किंचित उघडं, आत लाळेचा तार. वजन जुलैत 1,340 ग्रॅम होतं, आज 1,262 भरलं. तीन आठवडे खाल्लेलं नाही.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते मुख्यत्वे गाईम्हशी आणि कुत्री बघतात. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "औषधं मला ठाऊक आहेत, साप ठाऊक नाही. जाणकार कोणी फोनवर सांगणार असेल तर इंजेक्शन मी देईन." मला हे फार मोलाचं वाटलं.

माझे प्रश्न:

सापांचा अनुभव असलेले, फोनवर आमच्या डॉक्टरांशी बोलतील असे पशुवैद्य पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरकडे कोणी आहेत का? कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे नंबर टाकू नका.

पुन्हा वीज गेली तर ऊब कशी टिकवू? इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांपुरता आहे.

आजीला दमा आहे, तिचं नेब्युलायझर घरात आहे. ते वापरता येईल का?

आणि हवा कोरडी करू का? शेजारचे काका म्हणतात, ओल बाधली आहे, ओव्याची धुरी दे. मी दिलेली नाही.

प्रतिसाद

ताई, धुरी अजिबात नको. विक्स, कापूर, निलगिरी काहीच नको. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर काढता येत नाही. फुप्फुस लांबलचक, कफ खाली साचत जातो. त्यात धूर गेला तर उरलेली जागाही जाईल.

वर्तमानपत्र आत्ता काढा. भुसा सगळा फेकून पेटी धुवा, पूर्ण वाळू द्या आणि तळाला साधे कागद घाला, रोज बदला. कागदावर कफाचे थेंबही लगेच दिसतात. हवा मात्र एकदम कोरडी करू नका, कफ घट्ट होतो. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास ठेवा. नुसत्या ओलीने हा साप आजारी पडत नाही, जंगलात तो दमट बिळांतच राहतो. थंडी, ओल आणि कोंडलेली हवा तिन्ही एकत्र आली की जिवाणूंचं फावतं. साप अंगात स्वतःची ऊब तयार करत नाही, त्याची प्रतिकारशक्ती पेटीच्या तापमानावर चालते. म्हणून रात्रीसुद्धा थंड बाजू 28 च्या खाली जाऊ देऊ नका, उबेची बाजू 32 ठेवा. त्याहून वर चढवायची घाई नको.

प्रतिसाद

विजेबद्दल. हीट मॅट बहुधा 20-30 वॅटची असते, तुमच्या इन्व्हर्टरवर सहज चालेल. एक पंखा बंद ठेवा. सिरॅमिक बल्ब त्यावर लावू नका, तो बॅटरी लवकर संपवतो. बॅटरीही उतरली तर मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणा, साबणाने धुऊन उन्हात (मिळालं तर!) वाळवा, बाजूंना भोकं पाडा. सापाला कापडी पिशवीत घालून आत ठेवा आणि कोमट पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून बाजूला लावा. बाटली सापाच्या अंगाला थेट लागू देऊ नका. भाजतंय हे सापांना वेळेवर कळत नाही, पोटाखालची कातडी जळालेली मी पाहिली आहे. थर्मामीटर आतच हवा. मालवणला आम्ही पावसाळ्यात असा खोका तयारच ठेवतो.

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे. निरोप पाठवला आहे. इथे इतरांसाठी थोडं लिहितो.

उघड्या तोंडाने श्वास घेणं ही आजार पुढे गेल्याची खूण आहे, नुसत्या उबेवर विसंबू नका. शक्य असेल तर एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी व्हावी: तोंडाच्या तळाशी श्वासनलिकेचं तोंड दिसतं, तिथे लाली आणि चिकटा बघायचा, एक्स-रे काढायचा आणि श्वासनलिकेत थोडं सलाइन घालून परत ओढून त्याची जिवाणू तपासणी करायची. पहिलं प्रतिजैविक देण्याआधी नमुना घेतला तर उत्तम. पायथनांमध्ये याच लक्षणांमागे निडोव्हायरससुद्धा असू शकतो, त्यावर प्रतिजैविक चालत नाही.

इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागातच, पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूत. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक पुन्हा पुन्हा टोचलं तर स्नायू झडतो, म्हणून बरेच जण सेफ्टाझिडीम हे दुसरं प्रतिजैविक निवडतात. ते सापांत 72 तासांतून एकदाच द्यावं लागतं, मात्रा वजनावर. माणसांच्या गोळ्या कुटून पाजू नका.

नेब्युलायझर चालेल, पण आजीचा मास्क आणि नळी नाही. नवा संच घ्या. सुरुवातीला फक्त साधं सलाइन, झाकलेल्या डब्यात 10-15 मिनिटं. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो आणि घरात वयस्कर माणूस आहे.

आणि आता जबरदस्तीने खायला घालू नका. 78 ग्रॅम घट चिंतेची आहे, पण जीवघेणी नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे.

वरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आतेभावाच्या गाडीने निघालो. कुंभार्ली घाटात धुकं इतकं होतं की समोरची गाडी दिसत नव्हती, पण थर्माकोलच्या खोक्यात 29 अंश टिकलं. पाटणला बाटल्यांतलं पाणी बदलून घेतलं, चहावाल्या मावशींनी न विचारता पातेलं चुलीवर चढवलं.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात कफ दिसला. नमुन्यात स्यूडोमोनास हा जिवाणू निघाला, सेफ्टाझिडीम लागू पडतंय. निडोव्हायरसची चाचणी नकारात्मक. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी पुण्याच्या डॉक्टरांकडून व्हिडिओवर जागा समजून घेतली आणि इंजेक्शनं तेच देतात. चार झाली, एकूण सात सांगितली आहेत. पहिल्या वेळी त्यांचा हात थरथरत होता. परवा त्यांनी स्वतःच तिचं डोकं धरलं आणि कान लावून श्वास ऐकला.

बुडबुडे तिसऱ्या इंजेक्शननंतर थांबले. टिक् टिक् अजून आहे, पण फक्त पहाटे. वजन 1,251. काल रात्री ती आपणहून पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली. मी दादाला ते चित्रीकरण पाठवलं, त्याचं उत्तर यायला दोन दिवस लागतील.

आता एकच विचारायचं आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवसांनी खायला द्यायचं, आणि पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान घ्यायचा का?

प्रतिसाद

श्वास दिवसरात्र शांत झाल्यावर आणखी आठ-दहा दिवस थांबा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा, गोठवलेला उंदीर नीट वितळवून कोमट करून द्या. नाही घेतला तर काढून टाका, आठवड्याने पुन्हा द्या. आणि सात इंजेक्शनं पूर्ण करा, आवाज पाचव्याला थांबला तरी.

धागाकर्ती

करते. पाचवं गुरुवारी आहे.