क्वाड्रॅट, ट्रान्सेक्ट, रँडम : मराठीत काय म्हणावे?

सड्यांवरच्या (कातळी पठारांवरच्या) फुलझाडांची मोजणी कशी करावी, याची पुस्तिका लिहिते आहे. क्वाड्रॅटला (ज्यातली झाडे मोजतात तो ठरावीक मापाचा चौरस) 'चतुष्क', ट्रान्सेक्टला (ज्या सरळ रेषेवर झाडे नोंदतात ती) 'छेदिका' आणि रँडमला 'स्वैर' चालेल का?

उत्तर : ताई, 'चतुष्क' म्हणजे चारांचा गट. त्यापेक्षा 'चौकट' घ्या. नळ्यांची असो वा दोरीची, टाकतो ती चौकटच. मात्र मोठ्या झाडांसाठी १० × १० मीटर जागा आखतात तेव्हा हातात चौकट नसते. तिथे 'नमुना-चौरस' म्हणा. 'छेदिका' शाळेच्या भूमितीत समांतर रेषांना छेदणारी म्हणून पक्की बसली आहे. नुसती दोरी ताणली तर 'छेदरेषा', दोन्ही बाजूंची ठरावीक रुंदीही मोजली तर 'छेदपट्टा'. सड्याच्या कोरड्या कातळापासून पाणथळ खळग्यापर्यंत झाडे कशी बदलतात, हे पट्ट्यातच नीट दिसते.

आणखी एक उत्तर : 'स्वैर' मात्र अजिबात नको! त्याने 'वाटेल तिथे' असा अर्थ होतो आणि मुले पाठमोरी उभी राहून चौकट भिरकावतात. ते रँडम, म्हणजे 'यादृच्छिक' (प्रत्येक जागेला निवडीची सारखी संधी), नव्हे. हात नकळत मोकळ्या जागेकडे वळतो. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात (शेतातला एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज घेतात त्यात) शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून किती पावले जायचे, हे यादृच्छिक संख्यांवरून काढतात. सड्यावरही तसेच करावे. साताऱ्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवले होते, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगते, कारण काठावरची रोपे आत धरली जातात. म्हणून पुस्तिकेत काठाचा नियम हवाच : लगतच्या दोन बाजूंवर मूळ असलेली रोपे मोजायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची.

प्रश्नकर्ती : पटले, 'यादृच्छिक'च ठेवते. मग 'घनता' आणि 'वारंवारता' दोन्ही हव्यात का?

उत्तर : हव्यातच. घनता म्हणजे एका चौरस मीटरमागे किती रोपे, वारंवारता म्हणजे शंभरातल्या किती चौकटींत ती वनस्पती सापडली. समजा, एक चौरस मीटरच्या १० चौकटी टाकल्या. गेंद ही वनस्पती फक्त दोन चौकटींत, पण एकूण ४०० रोपे. घनता चौरस मीटरला ४०, वारंवारता २० टक्के. दुसरी एखादी वनस्पती आठ चौकटींत, पण रोपे ४०च. घनता ४, वारंवारता ८० टक्के. पहिली घोळक्याने वाढते, दुसरी विखुरलेली आहे. चौकट मोठी केली की वारंवारताही वाढते, तेव्हा आकड्याशेजारी चौकटीचे माप लिहायला सांगा.