दोरीपलीकडे ताज्या खुणा दिसतात, मग तो उतार घ्यायला काय हरकत?

प्रश्न (नवखा_उतार): स्की रिसॉर्टमध्ये ‘बंद’ पाटी लावलेल्या उतारांवर बरेचदा कुणीतरी आधीच उतरून गेल्याच्या खुणा असतात. हिमस्खलनाच्या अंदाजात धोका 5 पैकी 3, म्हणजे मधलाच. सगळ्यांकडे ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधण्यासाठी संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) असेल तर जावं का? आणि ‘बंद’ व ‘हद्दीबाहेर’ यांत फरक काय?

हिमरेषा: बंद म्हणजे बंद, ट्रान्सीव्हर असो वा नसो. हद्दीबाहेरच्या उतारांची सहसा कुणी तपासणी करत नाही, तिथला निर्णय आणि जोखीम तुमची. हद्दीच्या आतला उतार बंद ठेवतात तेव्हा मात्र त्या दिवशीचं ठोस कारण असतं. वर स्फोटकांनी बर्फ पाडण्याचं काम चालू असेल, किंवा खडक पुरेसे झाकले गेले नसतील. संध्याकाळी बंद झालेल्या वाटांवर बर्फ सपाट करणारी यंत्रं पोलादी दोराने वर बांधून चालवतात. हा दोर शेकडो मीटर लांब असतो, बर्फात दिसत नाही आणि क्षणात ताणला जाऊन जमिनीवरून वर उचलला जातो. त्यावर आदळलेला माणूस वाचणं कठीण. शिवाय तुम्ही सोडवलेला बर्फ खालच्या चालू वाटेवर येऊ शकतो, तिथे लहान मुलंही असतात.

थर_तपासनीस: 3 ला मधला आकडा समजू नका. धोका पायरीगणिक सारखा वाढत नाही, झपाट्याने वाढतो. पातळी 3 ला एकट्या स्कीअरच्या वजनानेही उतार सुटू शकतो आणि बरेचसे मृत्यू याच पातळीवर होतात.

खुणांनी काहीच सिद्ध होत नाही. घट्ट थराखाली कमकुवत थर दबलेला असतो. वरचा थर जिथे जाड आहे तिथून दहा जण सुखरूप जातात आणि अकरावा नेमका पातळ जागी दाब देतो. मग तडा सगळ्या उतारभर पसरतो. बहुतेक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, पण ती खालच्या सपाटीवरूनही सुटू शकतात, म्हणून डोक्यावर काय आहे तेही बघा. वारा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला साठवतो, त्यामुळे हिमवृष्टी थांबली तरी तिथला भार वाढतच राहतो. जवळपास ताजं स्खलन दिसलं, स्कीपासून तडे पळाले किंवा पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, तर तिथूनच मागे फिरा.

नवखा_उतार: मग ट्रान्सीव्हरचा उपयोग किती?

शोधपथक: तो स्खलन थांबवत नाही, आणि झाडावर किंवा खडकावर आपटलेल्याला वाचवतही नाही. गाडला गेलेला माणूस 10 मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता साधारण 90 टक्के असते, अर्ध्या तासानंतर ती एक तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, सोबत्यांनीच काढावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं, तिन्ही हवंच.

निघताना एकेकाचा ट्रान्सीव्हर प्रक्षेपणावर आणि शोधावर तपासा. मोबाइल प्रक्षेपणात 20 सेंमी, शोधात 50 सेंमी दूर ठेवा. कुणी गाडलं गेलं की आधी वरून आणखी बर्फ येणार नाही ना ते बघा, मग उरलेल्या सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाका, नाहीतर यंत्र बाहेर असलेल्या सोबत्याकडेच नेत राहतं. माणूस शेवटचा दिसला तिथून खाली शोधत जा. जवळ पोचल्यावर यंत्र बर्फालगत धरून अंतराचा सर्वांत लहान आकडा शोधा. तिथून प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाशी काटकोनात, 25 सेंमी अंतराने बाहेर सरकत्या वर्तुळांत खुपसा. माणसाला लागला की प्रोब काढू नका. उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आत खणत या. सरळ वरून खणलं तर बर्फ फेकायला जागा उरत नाही आणि त्याच्या श्वासाची पोकळी तुमच्याच पायांखाली दबते.

हिमरेषा: एक भर. चालू वाटांलगतच्या दाट झाडीतही ताज्या बर्फात जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. खाली लोंबणाऱ्या फांद्यांखाली बुंध्याभोवती भुसभुशीत खड्डा असतो. त्यात डोकं खाली करून पडलेल्याला सहसा स्वतःहून बाहेर येता येत नाही.