पाळी अनियमित असेल तर झाडपाला: जाणकारांचा अनुभव धागा

कोणती औषधी, किती, कशी करायची, कुठे बिघडतं, एवढंच लिहा. 'आमच्या आत्येला गुण आला' हे नको.

•

आधी अनियमित म्हणजे काय ते ठरवा. दोन-दोन महिने न येणं आणि पंधरा दिवसांत परत येऊन अंगावरून खूप जाणं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. औषधं मात्र उलट दिशेची. अशोक, लोध्र (दोन्ही झाडांच्या साली) तुरट, जास्त जाणं थांबवण्यासाठी. तीळ, हिंग, कोरफडीचा एळिया (वाळवलेला चीक) पाळी आणण्यासाठी देतात. लांबलेल्या पाळीवर अशोकारिष्ट (अशोकाच्या सालीचं आंबवलेलं औषध) ही नेहमीची चूक. 21 ते 35 दिवसांत येत असेल आणि दोन-चार दिवस मागेपुढे होत असेल तर काहीच घेऊ नका.

•

अशोक म्हणजे सीतेचा अशोक. पान संयुक्त, चार-सहा जोड्या पर्णिका, फुलं केशरी-लाल, गुच्छात. सोसायटीच्या कुंपणाला लावतात तो उंच, कडेला नागमोडी पानांचा आसुपालव. त्याची साल घेऊन उपयोग नाही. बाजारात भेसळ याचीच.

क्षीरपाक (दुधातला काढा): सालीची भरड 10 ग्रॅम, दूध 80 मिली, पाणी 320 मिली. मंद आचेवर दुधाएवढंच उरेपर्यंत आटवा, गाळा. बारीक पूड घेतली तर गाळलं जात नाही, गाळ पोटात जातो. लोखंडी भांडं नको, सालीतल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) काढा काळा पडतो. त्याच कारणाने लोहाच्या गोळीत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. जास्त जाणाऱ्यांना लोहाची गोळी चालू असतेच!

•

तिळाचा काढा: काळे तीळ 10 ग्रॅम ठेचून 160 मिली पाण्यात, 40 मिली उरवायचा, गूळ घालून कोमट प्यायचा. पण पाळी चुकल्यावर आधी गर्भचाचणी. हे दर वेळी लिहावं लागतं, कारण दर वेळी कुणीतरी विसरतं. गर्भ असताना पाळी आणणारं काहीही घेऊ नये.

कोरफडीचा गर घेताना पान कापून उभं धरा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. तो राहिला की जुलाब आणि पोटात मुरडा. एळिया बनतो तो याच चिकापासून. घरी करू नका.

•

वरच्यांना पुरवणी: आसव-अरिष्टांत (आंबवून केलेल्या औषधांत) गूळ आणि आंबवण्यातून आलेलं मद्य असतं. मधुमेह असेल तर वैद्यांना आधीच सांगा. मेथी साखर उतरवते, मधुमेहाच्या गोळ्यांसोबत भरपूर खाल्ली तर चक्कर येऊ शकते. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो.

•

या सगळ्याला परंपरेचा आधार मोठा, माणसांवरच्या चाचण्यांचा तोकडा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं संप्रेरक) वाढणं किंवा पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाचा बीजांडकोशाचा विकार) हे कारण असेल तर काढे पिऊन तपासणी लांबते. तीन महिने पाळी नाही, किंवा तासाला एक पॅड भिजतोय, तर डॉक्टरकडे. दुसऱ्या बाबतीत तर त्याच दिवशी. जाताना तीन चक्रांच्या तारखा आणि घेतलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्या.